चालू मिलमध्ये एकाच यंत्राचा आवाज

दिवाळी आटोपते न आटोपते तोच गोंदिया जिल्ह्यातला धानाचा हंगाम भरात येतो. बांध्यांमधले धान कापून, चुरून कट्ट्यांत भरले जाते. त्यातले बरेचसे आधारभूत खरेदी केंद्रांवर आणि तिथून भरडाईसाठी राईस मिलमध्ये पोहोचते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळखच धानाची, आणि गोंदिया शहराला 'राईस सिटी' म्हणतात तेही या मिलांमुळेच. हंगामात मिल एकदा सुरू झाली की तास न् तास थांबत नाही.

आत पाऊल टाकले की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. चाळण्या हलत असतात, धानातले खडे वेगळे होत असतात, एलिव्हेटरच्या वाट्या धान वर चढवत असतात. शेलरचे रबरी रोलर तूस सोलतात, ब्लोअर ते ओढून बाहेर फेकतो, पॉलिशर तांदळावरचा कोंडा घासून काढतो. पत्र्याच्या छपराखाली हे सगळे आवाज एकमेकांत मिसळतात आणि भिंतींवरून परत येतात.

अशा मिलमालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला आत काम करणाऱ्यांच्या कानांचा. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. दुसरा बाहेरच्या वस्तीचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल एवढीच मुभा आहे. दोन्ही प्रश्नांवर पैसा खर्च करायला मालक तयार आहे असे धरू. पण सगळीच यंत्रे बदलणे किंवा सगळ्यांभोवती आवरण घालणे परवडणारे नाही. मग खर्च आधी कशावर करायचा? पॉलिशरवर, ब्लोअरवर, की शेलरवर? त्यासाठी प्रत्येक यंत्र एकट्याने किती आवाज बाहेर टाकते हे कळायला हवे, आणि तेही बाकीची यंत्रे चालू असताना.

साध्या मीटरची अडचण

हातात धरायचा आवाजमापक, म्हणजे साउंड लेव्हल मीटर, हवेतला ध्वनिदाब मोजतो. दाबाला दिशा नसते. मीटरच्या मायक्रोफोनपाशी पोहोचलेला आवाज समोरच्या पॉलिशरकडून आला, मागच्या ब्लोअरकडून आला की छपरावर आपटून आला, हे त्याला कळत नाही. तो सगळ्यांची मिळून एकच पातळी दाखवतो.

यावर पहिला उपाय सुचतो तो वजाबाकीचा: सगळे चालू ठेवून एकदा मोजा, पॉलिशर बंद करून पुन्हा मोजा आणि फरक काढा. समजा, पॉलिशर चालू असताना ९२ डेसिबल आणि बंद असताना ९० डेसिबल आले. डेसिबल हे लघुगणकी माप असल्याने ९२ मधून ९० सरळ वजा होत नाहीत. दोन्ही आकडे ऊर्जेत बदलून वजाबाकी करावी लागते, आणि उत्तर येते सुमारे ८७.७ डेसिबल. पण प्रत्येक वाचनात अर्ध्या डेसिबलची चूक धरली तर काय होते ते पाहा. ९१.५ आणि ९०.५ घेतले तर पॉलिशरचे उत्तर ८४.६ येते, ९२.५ आणि ८९.५ घेतले तर ८९.५. वाचनात अर्धा डेसिबल इकडेतिकडे झाला, तर उत्तरात पाच डेसिबलचा, म्हणजे ऊर्जेत तिपटीचा फरक पडतो. म्हणूनच दाब मोजून यंत्राची ध्वनिशक्ती काढण्याच्या आयएसओ ३७४४ या आंतरराष्ट्रीय मानकात, आजूबाजूचा गोंगाट यंत्राच्या आवाजापेक्षा किमान ६ आणि शक्यतो १५ डेसिबलने खाली असावा, अशी अट आहे. मिलमध्ये ही अट पाळणे जवळपास अशक्य आहे.

दुसरी अडचण आकड्यांपलीकडची आहे. मिलमधली यंत्रे साखळीने जोडलेली असतात. शेलरमधून निघालेला माल सेपरेटरकडे जातो, तिथून पॉलिशरकडे. पॉलिशर बंद केला की मागे माल तुंबतो आणि थोड्याच वेळात मागची यंत्रेही थांबवावी लागतात. उलट बाकी सारे बंद करून एकटा पॉलिशर चालवावा, तर तो रिकामा फिरतो. पोटात तांदूळ असलेल्या पॉलिशरचा आवाज वेगळा आणि रिकाम्याचा वेगळा. आपल्याला हवा आहे तो कामावर असलेल्या यंत्राचा आवाज.

मोटारीचे इंजिन प्रयोगशाळेत नेऊन मोजता येते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये त्यासाठी आवाज शोषून घेणाऱ्या भिंतींच्या खास खोल्या आहेत. पण धानाच्या अखंड धारेसकट पॉलिशर उचलून तिथे नेता येत नाही. मोजमापालाच मिलमध्ये यावे लागते.

दाबाला दिशेची जोड

आवाज म्हणजे हवेतून वाहणारी ऊर्जा. एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला किती ध्वनिऊर्जा पलीकडे जाते, ते सांगणारी राशी म्हणजे ध्वनितीव्रता. तिचे एकक वॅट प्रति चौरस मीटर. ती सदिश आहे, म्हणजे तिला दिशा असते. यंत्राकडून आपल्याकडे येणारा प्रवाह अधिक धरला तर आपल्याकडून यंत्राकडे जाणारा उणे ठरतो. साध्या मीटरमध्ये हे अधिक-उणे नसते. गोंगाटातून वाट निघते ती याच चिन्हामुळे.

तीव्रता काढण्यासाठी दोन गोष्टी लागतात: त्या ठिकाणचा ध्वनिदाब आणि तिथल्या हवेच्या कणांचा पुढेमागे होण्याचा वेग. दोन्हींचा गुणाकार करून त्याची काळावर सरासरी घेतली की तीव्रता मिळते. दाब मोजणे सोपे आहे. कणवेग थेट मोजणे अवघड. यावरची युक्ती अशी की दोन मायक्रोफोन एकमेकांसमोर तोंड करून, थोड्या अंतरावर बसवायचे. दोघांच्या दाबांची सरासरी म्हणजे मधल्या बिंदूवरचा दाब. दोघांतला फरक अंतराने भागला की दाबाचा उतार मिळतो. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी द्रवांच्या व वायूंच्या गतीची समीकरणे मांडली. त्यांनुसार दाबाच्या उतारावरून हवेचे त्वरण निघते आणि त्वरणावरून वेग.

हेच ते दोन मायक्रोफोनचे प्रोब. मायक्रोफोनांच्या मध्ये प्लॅस्टिकचा छोटा घन तुकडा असतो, त्याला स्पेसर म्हणतात. तो साधारण ६, १२, २५ किंवा ५० मिलिमीटर लांबीचा मिळतो. कोणता लावायचा हा निर्णय किरकोळ वाटतो, पण गोंगाटाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

कल्पना जुनी आहे. आरसीए कंपनीतले हॅरी ओल्सन यांना ध्वनिऊर्जेचा प्रवाह टिपणाऱ्या रचनेचे अमेरिकी पेटंट १९३२ मध्ये मिळाले. पण ती प्रत्यक्ष वापरात यायला साडेचार दशके लागली. दोन मायक्रोफोनांतला सूक्ष्म फरक विश्वासाने टिपतील अशी उपकरणेच नव्हती. अंकीय विश्लेषक आल्यावर, १९७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाचे फ्रँक फाही आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधले जे. वाय. चुंग यांनी दोन्ही मायक्रोफोनांच्या संकेतांतून तीव्रता काढण्याची गणिती पद्धत मांडली. पुढच्या दशकात तयार उपकरणे बाजारात आली आणि १९९३ मध्ये आयएसओ ९६१४ या मानकाचा पहिला भाग निघाला.

आवक-जावकीचा हिशेब

आता पॉलिशरभोवती एक काल्पनिक पेटी आखू. चार बाजू आणि वरचे छत. खाली पक्की फरशी आहे, ती आवाज परत पाठवते, म्हणून सहावी बाजू मोजावी लागत नाही. पेटीच्या प्रत्येक बाजूवरून प्रोब फिरवून त्या बाजूतून किती ऊर्जा बाहेर पडते ते काढायचे. बाहेर पडणारी अधिक, आत शिरणारी उणे. पाचही बाजूंची बेरीज म्हणजे पॉलिशरची ध्वनिशक्ती.

मग शेलरच्या आवाजाचे काय? गोदामाच्या आवक-जावक वहीतून हे लगेच उमगते. एक ट्रक पुढच्या फाटकातून पाचशे कट्टे घेऊन आत आला आणि काही न उतरवता मागच्या फाटकातून निघून गेला. पुढच्या फाटकावर पाचशेची आवक लागली, मागच्यावर पाचशेची जावक. गोदामातल्या मालाच्या हिशेबात त्या ट्रकची बाकी शून्य. शेलरचा आवाजही पेटीच्या डाव्या बाजूने आत येतो आणि उरलेल्या बाजूंनी बाहेर जातो. येताना उणे, जाताना अधिक. बेरजेत तो आपोआप कटतो. उरते ते फक्त पेटीच्या आत तयार झालेले. गणितात हा गाउसच्या प्रमेयाचा परिणाम आहे.

आकडे घालून पाहू. पेटी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच धरा. पाच बाजूंचे क्षेत्र होते १६ चौरस मीटर. समजा डाव्या बाजूवर, जिथे शेलर आहे, उणे ६ मिलिवॅट आले. उजव्या बाजूवर १०, समोर ४, मागे ३ आणि वर २ मिलिवॅट. बेरीज १३ मिलिवॅट, म्हणजे ध्वनिशक्तीची पातळी सुमारे १०१ डेसिबल. डाव्या बाजूचे उणे पाहून घाबरायचे कारण नाही. ते शेलरचे येणे आहे आणि त्याची परतफेड उजव्या व इतर बाजूंच्या आकड्यांत आधीच मिसळलेली आहे. नवखा माणूस इथेच चुकतो: उणे बाजू 'बिघडलेली' समजून वगळतो, आणि शेलरचा सगळा आवाज पॉलिशरच्या नावावर चढतो.

या आकड्यात एक गंमतही आहे. कानाला बधिर करणाऱ्या यंत्रातून आवाजाच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती १३ मिलिवॅट, म्हणजे एका वॅटच्या शंभराव्या भागाहून थोडीच जास्त. त्याला फिरवणारी मोटार किलोवॅटमध्ये वीज खाते. कान इतक्या थोड्या ऊर्जेवर दुखावतो.

हिशेब कुठे चुकतो

सिद्धांत सांगतो की बाहेरचा गोंगाट कितीही असला तरी तो कटतो. प्रत्यक्षात हे तीन अटींवर खरे आहे आणि प्रत्येक अट मिलमध्ये मोडू शकते.

पहिली अट: गोंगाट एकसारखा हवा. पाच बाजू एकाच क्षणी मोजल्या जात नाहीत. प्रोब एका बाजूवरून दुसरीवर जायला वेळ लागतो. डावी बाजू मोजत असताना मुंबई-हावडा मार्गावरून मालगाडी धडधडत गेली आणि उजवी बाजू मोजेपर्यंत ती निघून गेली, तर आवक लागली पण जावक लागलीच नाही. हिशेब जुळणार कसा? म्हणून सतत गरगरणारा ब्लोअर कितीही मोठा असला तरी चालतो, पण तीस सेकंदांची गाडी, मध्येच वाजलेला ट्रकचा हॉर्न किंवा थांबूनथांबून चालणारा कॉम्प्रेसर मोजमाप नासवतो. मिलमध्ये याहून छुपा शत्रू म्हणजे मालाची धार. शेलरवर धान कमी आले की त्याचा आवाज बदलतो, आणि हे डोळ्यांना लगेच दिसत नाही. म्हणून जाणकार एक साधा मायक्रोफोन शेजारी स्थिर उभा करतात. त्याची पातळी पूर्ण वेळ सारखी राहिली तरच मोजमाप ग्राह्य. समोरासमोरच्या बाजू लागोपाठ मोजणेही याचसाठी.

एक बारीक प्रकार दोन ब्लोअरांचा. समजा दोन्हींना सहा पाती आहेत, एक मिनिटाला १,४४० फेरे घेतो आणि दुसरा १,४४६. पात्यांमुळे निघणारे त्यांचे स्वर १४४ आणि १४४.६ हर्ट्झ. दोन्ही मिसळून आवाज दर पावणेदोन सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो. एखाद्या बाजूवर प्रोब दोन-तीन सेकंदच धरले तर फुगवटा पकडला गेला की ओहोटी, हे दैवावर. तेच प्रत्येक बाजूवर वीस-तीस सेकंद फिरवले तर चढ-उतार सरासरीत विरून जातात. गोंगाट जितका जास्त, तितका वेळ जास्त द्यावा लागतो, हा इथला सर्वसाधारण नियम.

दुसरी अट: पेटीच्या आत आवाज शोषणारे काही नको. ट्रक आत आला आणि वीस कट्टे तिथेच उतरवून गेला, तर बाकी शून्य राहत नाही. पॉलिशरला टेकून धानाच्या कट्ट्यांची थप्पी असेल किंवा पायाशी कोंड्याचा ढीग असेल, तर तागाचे पोते आणि कोंडा शेलरच्या आवाजातला काही भाग गिळतात. आवक पूर्ण लागते, जावक कमी, आणि पॉलिशरची शक्ती खऱ्यापेक्षा कमी दिसते. एखादे शांत यंत्र मोजताना तर बेरीजच उणे येऊ शकते, जणू यंत्र आवाज करण्याऐवजी आवाज खाते आहे. उपाय साधा: मोजण्याआधी पेटीच्या हद्दीतले कट्टे हलवायचे आणि फरशी झाडून घ्यायची.

तिसरी अट उपकरणाची आहे आणि तीच सर्वांत कडक.

अर्ध्या अंशाची गोष्ट

दोन मायक्रोफोनांपर्यंत ध्वनितरंग थोड्या फरकाने पोहोचतो. या फरकाला कलांतर म्हणतात आणि ते अंशांत मोजतात. प्रोब जे खरोखर मोजते ते हेच. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने मोटारीची गुणगुण १०० हर्ट्झवर येते. तिची तरंगलांबी सुमारे ३.४४ मीटर. तरंग सरळ प्रोबच्या दिशेने येत असेल तर १२ मिलिमीटर अंतरासाठी कलांतर पडते अवघे १.२६ अंश.

आता चारही बाजूंनी गोंगाट येतो तेव्हा काय होते? डावीकडून येणारा आवाज कलांतर एका दिशेला ओढतो, उजवीकडून येणारा दुसऱ्या दिशेला. दाबात सगळ्यांची भर पडते, पण तीव्रतेत ते एकमेकांना खोडतात. त्यामुळे दाब-पातळी वर राहते आणि तीव्रता-पातळी खाली जाते. या दोन पातळ्यांमधल्या फरकाला दाब-तीव्रता निर्देशांक म्हणतात. मोकळ्या मैदानात एकट्या यंत्रासमोर तो जवळपास शून्य असतो. गोंगाट वाढला की तो ५, १०, १५ डेसिबलपर्यंत चढतो. तो १० डेसिबल झाला, म्हणजे शिल्लक कलांतर दहाव्या भागावर आले: १.२६ अंशांच्या जागी ०.१३ अंश.

आणि मायक्रोफोन कितीही जोडीने निवडलेले असले तरी दोघांचे वागणे तंतोतंत सारखे नसते. त्यांच्यात स्वतःचे असे, समजा ०.०५ अंशाचे कलांतर आहे. खऱ्या ०.१३ मध्ये खोट्या ०.०५ ची भेसळ झाली की चूक होते चाळीस टक्के, म्हणजे दीड डेसिबल. तेच १२ ऐवजी ५० मिलिमीटरचा स्पेसर लावला तर खरे कलांतर ०.५२ अंश होते आणि तीच भेसळ दहा टक्क्यांवर, म्हणजे जेमतेम ०.४ डेसिबलवर येते. गोदामाच्या भाषेत, स्वतःचा माल शंभर कट्टे असताना फाटकातून दहा हजार कट्टे ये-जा करत असतील, तर मोजणाऱ्याची हजारात एकाची चूकही स्वतःच्या हिशेबात दहा टक्के होऊन बसते.

मग कायम ५० मिलिमीटरच का वापरू नये? कारण वारंवारता वाढते तशी तरंगलांबी आखूड होते आणि दोन मायक्रोफोनांमधला दाबाचा उतार सरळ रेषेत राहत नाही. ५० मिलिमीटरचा स्पेसर सुमारे १,२५० हर्ट्झपर्यंतच विश्वासाचा, १२ मिलिमीटरचा सुमारे ५,००० हर्ट्झपर्यंत. पॉलिशरची घासाघीस वरच्या वारंवारतांत, मोटारीची गुणगुण खालच्या. म्हणून गोंगाटी मिलमध्ये बहुधा दोन फेऱ्या कराव्या लागतात, एक मोठ्या स्पेसरने आणि एक छोट्या.

मायक्रोफोनांतला हा उपजत फरक मोजायची सोय आहे. दोन्ही मायक्रोफोन एका छोट्या बंद पोकळीत बसवतात, तिथे दोघांवर एकसारखा दाब पडतो. खरी तीव्रता तिथे शून्य असायला हवी, तरी उपकरण काहीतरी दाखवते. दाखवलेला दाब आणि ही खोटी तीव्रता यांतला फरक म्हणजे उपकरणाचा स्वतःचा, उरलेला निर्देशांक. तो जितका मोठा तितके उपकरण चांगले. वरच्या उदाहरणात १०० हर्ट्झवर १२ मिलिमीटरसाठी तो सुमारे १४ डेसिबल आणि ५० मिलिमीटरसाठी सुमारे २० डेसिबल येतो. अभियांत्रिकी दर्जाच्या मोजमापासाठी त्यातून १० वजा करायचे. उरलेला आकडा ही उपकरणाची कुवत: एका स्पेसरला ४, दुसऱ्याला १०. मिलमध्ये प्रत्यक्ष आलेला निर्देशांक या कुवतीच्या आत असेल तरच आकडा स्वीकारायचा. ९ डेसिबलचा निर्देशांक आला तर छोट्या स्पेसरचे उत्तर टाकून द्यायचे, मोठ्याचे ठेवायचे.

चुंग यांनी यावर वेगळी वाट काढली होती. एकदा मोजायचे, मग दोन्ही मायक्रोफोनांची अदलाबदल करून पुन्हा मोजायचे आणि दोन्ही निकाल एकत्र करायचे. पहिल्या वेळी एका बाजूला गेलेली चूक दुसऱ्या वेळी उलट्या बाजूला जाते आणि खोडली जाते. वेळ दुप्पट लागतो, पण जोडी जुळवलेले महागडे मायक्रोफोन नसले तरी भागते.

दुसऱ्या जातीचे प्रोबही आहे. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात हान्स-एलिआस दे ब्रे यांनी दोन अतिबारीक तापलेल्या तारांचा संवेदक बनवला. हवेचा कण हलला की एक तार दुसरीपेक्षा जास्त थंड होते आणि त्यावरून कणवेग थेट कळतो. तिथे स्पेसरचा प्रश्न येत नाही आणि भोवतालच्या गोंगाटाचाही त्रास कमी. पण थरथरत्या पत्र्याच्या अगदी जवळ, जिथे हवा ऊर्जा न वाहता नुसतीच पुढेमागे होते, तिथे त्याची वेगळी अडचण उभी राहते.

मिलमधली हवा

गोंगाटाइतकीच मिलची हवा त्रास देते. दोन मायक्रोफोनांच्या हिशेबात हवेची घनता भाजक म्हणून येते. उपकरणात बहुधा २० अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरलेला असतो. गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या हवेची घनता गृहीत धरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी असते. तापमान आणि हवेचा दाब बदलून भरला नाही तर तीव्रता सुमारे अर्ध्या डेसिबलने कमी दिसते. उपकरणात दोन आकडे भरून हे टळते.

कोंड्याची धूळ याहून खोडकर. मायक्रोफोनच्या आत-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून त्याला एक बारीक छिद्र असते. खालच्या वारंवारतांना मायक्रोफोन कसा वागतो ते बरेचसे या छिद्रावर ठरते. एका मायक्रोफोनचे छिद्र धुळीने थोडे बुजले आणि दुसऱ्याचे मोकळे राहिले, तर जोडी बिघडते, आणि बिघडते नेमकी तिथे जिथे अर्धा अंशही मोलाचा असतो. साध्या मीटरवर हा दोष जाणवतही नाही. म्हणून पोकळीतली तपासणी मोजमापाच्या आधी आणि नंतरही करायची. आधी २० आलेला निर्देशांक नंतर १५ आला तर मधले खालच्या वारंवारतांचे आकडे संशयास्पद.

तुसाच्या ब्लोअरजवळ हवेचा झोत असतो. झोतातली भोवरी हवा मायक्रोफोनांवर आपटते आणि आवाज नसतानाही तीव्रता दाखवते. प्रोबवर स्पंजाचा गोळा चढवायचा आणि पेटीची बाजू झोतातून जाणार नाही अशी आखायची. हे जमत नसेल तर ब्लोअरचे तोंड वेगळे मोजावे.

जागेवर करायची एक तपासणी मात्र कधीच चुकवू नये. जिथे तीव्रता बऱ्यापैकी आहे अशी जागा निवडून वाचन घ्यायचे, मग मधला बिंदू न हलवता प्रोब उलटे फिरवायचे. चिन्ह बदलायला हवे आणि आकडा जवळपास तोच यायला हवा; दीड डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नये. त्या घडीला मिलमध्ये गोंगाट किती आहे आणि उपकरण त्याला पुरे पडते का, हे मिनिटभरात कळते.

अहवालात काय पाहायचे

पुन्हा आपल्या १३ मिलिवॅटकडे येऊ. पाच बाजूंच्या आकड्यांची चिन्हे न पाहता बेरीज केली तर ती २५ येते. २५ ला १३ ने भागले तर गुणोत्तर सुमारे १.९, म्हणजे २.८ डेसिबल. मानकानुसार हा आकडा ३ डेसिबलच्या आत असावा लागतो. आपले उदाहरण काठावर उत्तीर्ण. तो ओलांडला तर अर्थ असा की बाहेरून येणारे आतून निघणाऱ्यावर फार भारी पडते आहे. अशा वेळी पेटी यंत्राच्या आणखी जवळ आणायची, किंवा शेलर आणि पॉलिशर यांच्यामध्ये तात्पुरता पडदा उभा करायचा. पडदा अर्थातच पेटीच्या बाहेर हवा.

दाब-पातळी सरासरी ९४.५ आणि तीव्रता-पातळी ८९ आली तर निर्देशांक ५.५. उपकरणाची कुवत त्या वारंवारतांना ८ असेल तर निकाल ग्राह्य. असे प्रत्येक वारंवारता-पट्ट्यासाठी पाहायचे. काही पट्टे नापास होतील, त्यांचे आकडे गाळून उरलेले द्यायचे. हे प्रामाणिक अहवालाचे लक्षण आहे. मिलमालकाच्या हातात पडलेल्या कागदावर नुसते 'पॉलिशर १०१ डेसिबल' असेल तर तो अर्धाच अहवाल. त्यापुढे निर्देशांक, उपकरणाची कुवत, कोणता स्पेसर, तापमान आणि दोन फेऱ्यांतला फरक लिहिलेला असला पाहिजे.

एवढे हाती आले की मूळ प्रश्नाचे उत्तर निघते. समजा पॉलिशरचे १३ मिलिवॅट, शेलरचे ९ आणि तुसाच्या ब्लोअरचे ४० आले. एकूण ६२. पॉलिशर पूर्ण गप्प केला तरी ४९ उरतात, म्हणजे जेमतेम एका डेसिबलचा फरक, कानाला कळणारही नाही असा. ब्लोअरला सायलेन्सर बसवून त्याचे ४० वरून ४ केले, तर २६ उरतात आणि पावणेचार डेसिबल कमी होतात. पहिला खर्च ब्लोअरवर करायचा, पॉलिशरवर नाही. कानाला मात्र जवळचा पॉलिशरच मोठा वाटत होता.

चालू मिलमध्ये शांतता मागण्याची गरज नाही. मागायचे ते सातत्य: मालाची धार एकसारखी, पेटीची हद्द मोकळी, मायक्रोफोनांची जोडी जुळलेली. गाडी येत असेल तर दोन मिनिटे थांबायचे आणि ती बाजू पुन्हा मोजायची.